शेजारच्या सीटच्या वरचं अस्तर

९ जानेवारी

प्रिय ताई,

परवा तुझा फोन वाजत होता तेव्हा मी समोरच बसलो होतो. उचलला नाही. फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि ठेवल्यावर दोघांनाही वाटतं, जिंकलो. पत्रात निदान समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत तोंड बंद ठेवावं लागतं. तुला जड जाईल, पण सवय कर.

तुझा प्रश्न एकच असतो: बाबांना घरात ठेवणं अजून झेपतंय का? झेपतंय. सकाळी ते मला दुकानातला नोकर समजतात. त्यात नवीन काही नाही, डोकं शाबूत होतं तेव्हाही तसंच समजायचे. दुपारचं जेवण झालं की मात्र त्यांच्या अंगात वारं शिरतं. चपला घालतात, कडी काढतात, "निघतो" म्हणतात. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसतं. मग मी हात धरून त्यांना मागच्या शेडमध्ये नेतो, गाडीचं दार उघडतो, ते स्टिअरिंगमागे बसतात आणि वादळ शमतं. संध्याकाळच्या चहापर्यंत हूं नाही की चूं नाही. तेवढ्यात मी लाँड्रीचं काउंटर सांभाळतो आणि तुझी भावजय जमिनीला पाठ टेकते. आमचा संसार सध्या त्या गाडीवर चाललाय, आणि गाडी कित्येक वर्षांत जागची हललेली नाही.

गाडी तीच. उघड्या टपाची. बाबांनी हौसेने घेतली आणि आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "टप उघडलात तर मी उतरले. माझे केस विस्कटतात." संपलं. वाऱ्यावर फिरायला घेतलेली गाडी जन्मभर कापडी टप ओढून फिरली. आई उंच, अंबाडा त्याहून उंच, टप बुटका. घरी येईपर्यंत आईची मान वाकडी आणि बाबांचं तोंड वाकडं.

टपाचं बाहेरचं जाड कापड धड आहे. आतलं अस्तर गेलंय. त्याच्यामागच्या स्पंजाचा पिवळा भुगा झालाय, तो बाबांच्या खांद्यावर झडतो. मागच्या काचेपाशी शिवण उसवलीये, कडेची पट्टी लोंबतेय. आणि शेजारच्या सीटच्या वर तर कापडाची जाळी झालीये, भोवती बशीएवढा तेलकट काळा डाग. बाबा बसल्या बसल्या त्या डागावर तळवा ठेवतात, मग तळवा नाकाशी नेतात. धंद्याची सवय, दुसरं काय! अर्धं शहर ज्यांच्याकडे डाग काढायला यायचं, त्यांना वास घेतल्याशिवाय चैन कसं पडेल?

सीटकव्हरवाल्याला बोलावून दाखवलं. तो अस्तराकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, माणूस गेल्यावर कोणी त्याचं बनियन शिवत बसतं का?" तेव्हा लोंबतंय तिथे मीच चार टाके घालीन म्हणतो.

तुझा,
ठोंब्या


१८ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

चार टाके! मी रोज हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासते. मालक म्हणतो, "बाई, जरा पुसून घेतो." मी म्हणते, "उखडून काढा, नाहीतर टाळं लावते." तुझ्या जागी एखादा मालक असता तर टाळंच लावलं असतं.

बाबा दुपारभर त्या भुग्यात श्वास घेतात. वर काळा तेलकट डाग, त्याला हात लावतात, हात नाकाला लावतात, आणि तू "धंद्याची सवय" म्हणून कौतुक करतोस! अरे, आपल्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय? 'डाग राहणार नाही.' आणि त्याच पाटीच्या मागे मालकाला डागाखाली बसवून ठेवलंय. लोकांना कळलं तर शेंबडं पोरही रुमाल घेऊन तुझ्याकडे येणार नाही.

मी कापड पाठवतेय. अख्खं अस्तर बदल. रंग जुन्यासारखाच आहे, पण हे साधंसुधं कापड नाही, याच्यावर डाग बसतच नाही. दुकानदाराने माझ्यासमोर शाई ओतून दाखवली. शाई बिचारी थेंब थेंब होऊन घरंगळली.

मला येता येणार नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या दाजींचा गुडघा उघडून परत बंद केलाय आणि ते खाटेवरून राज्य करतात. लांबून जेवढं करता येतं तेवढं तरी मला करू दे. आणि एक स्पष्ट सांगते: बाबांना घरी ठेवायचं तर नीट ठेव. नाहीतर तुमच्याच शहरात तलावापलीकडे वृद्धांसाठी एक निवास आहे, त्याची मी चौकशी करून ठेवली आहे. तुला हा शब्द नको असतो म्हणून मी एकदाच लिहिला.

तुझी,
ताई


१० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तो शब्द परत लिहू नकोस. आई गेली तेव्हा मी बाबांना शब्द दिलाय, घर सोडावं लागणार नाही म्हणून. ते विसरले असतील. मी विसरलो नाही, हीच पंचाईत आहे.

कापड पोचलं. रंग बरोबर निवडलास, हे कबूल करायला मला त्रास होतोय. घेतलं काम हातात. बाबांना सांगितलं, गाडी दुरुस्तीला टाकलीये. ते रोज दुपारी शेडच्या बंद दारापाशी उभे राहून "झाली का?" विचारतात आणि तुझी भावजय त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणते. तिने मला विचारलं, "बाबांना विचारलंत का, बदलायचं म्हणून?" मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं? काल त्यांनी मला विचारलं, आज इस्त्रीवाला आला नाही का. मी इस्त्री करत होतो.

आता काम ऐक. नवं अस्तर कापायला जुनंच नमुना म्हणून लागतं. कडेच्या खाचेतून ते हळूच ओढून काढलं, लोखंडी कमानींवरच्या पट्ट्या सोडवल्या, शिवणी एकेक करून उसवल्या आणि त्याचे सुटे पन्ने, म्हणजे एकेक तुकडा वेगळा, केले. पण मळलेल्या, ताणलेल्या कापडाचं माप घ्यायचं नाही, हा आपल्या दुकानाचा कायदा. आधी धुवायचं, मग इस्त्री, मग माप. म्हणून धुतलं. बाकीचे पन्ने मुकाट्याने स्वच्छ झाले. शेजारच्या सीटवरचा पन्ना मात्र हटून बसला. खडूची भुकटी लावून ठेवली, स्पिरिट लावलं, बाबांच्याच पद्धतीने उलट्या बाजूने, कडेकडून मध्याकडे. तरी सावली राहिली. मग मलाही इरेला पेटल्यासारखं झालं. गरम पाणी, साबण, पुन्हा भुकटी. शेवटी गेला! पन्ना उन्हात धरला तर डाग कुठे होता ते मलाही सांगता येईना. बाबांनी मला आयुष्यात एवढी एकच विद्या दिली, आणि ती मला येते, ताई.

मग नव्या कापडावर पन्ने पसरून खडूने आखले, कापले, दुकानातल्या मशीनवर शिवले. टपाची घडी पडते तिथे कापड थोडं सैल सोडावं लागतं, बाकी ताणून बसवायचं. चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने डोकं गरगरलं. पण काय सांगू, आत बसून वर पाहिलं तर एक सुरकुती नाही. आरशात बघितल्यावर माझ्याच चेहऱ्यावर जास्त निघाल्या.

उद्या दुपारी बाबांना बसवतो.

ठोंब्या


२५ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

एवढं पुराण लिहिलंस आणि शेवटचा अध्याय गाळलास. बसले का बाबा? काय म्हणाले?

ताई


४ मार्च

प्रिय ताई,

बाबांना आवडलं. बाकी ठीक. दुकानात गर्दी आहे.

ठोंब्या


१२ मार्च

प्रिय ठोंब्या,

बघ! मी सांगत नव्हते? तू पाठवलेला गाडीचा फोटो मी तुझ्या दाजींना दाखवला. ते म्हणाले, मेहुण्याने पहिल्यांदाच एखादं काम पुरं केलं. त्यांच्या तोंडून म्हणजे ही पदवीच समज.

खरं सांगू? तुझं पत्र वाचून मी त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले. इतक्या लांबून काहीतरी नीट झालं. आता तो भुगा नाही, ती घाण नाही, बाबा स्वच्छ जागी बसलेत, हे मनात आणलं की बरं वाटतं. उरलेल्या कापडाचं काय केलंस? सीटांनाही घाल.

ताई


२६ मार्च

प्रिय ताई,

मागचं पत्र खोटं होतं. तुझं ते पोटभर जेवण वाचलं आणि लाज वाटली. आता हे वाच आणि उपाशी राहा.

त्या दुपारी मी दार उघडलं. बाबा बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, हसले. मग डावा हात वर गेला, शेजारच्या सीटच्या वर, न बघता, अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसा. तळवा नव्या कापडावर टेकला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला. नाकाशी नेला. परत वर नेला. आणि माझ्याकडे वळून अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाले, "ही आपली नाही. गिऱ्हाइकाची दिसते. ज्याची त्याला देऊन टाक."

उतरले ते उतरले. परत बसले नाहीत.

मला तरीही कळलं नाही, बघ. मी रंगाला दोष दिला, तुला दोष दिला, सोल्यूशनच्या वासाला दोष दिला. तुझी भावजय दारात उभी होती, ती म्हणाली, "अहो, तो सासूबाईंच्या अंबाड्याचा डाग होता ना?"

ताई, सारं शहर ज्याच्या हाताला डाग काढणारा हात म्हणायचं, त्या माणसाने आपल्याच गाडीतला एक डाग इतकी वर्षं काढला नव्हता. त्याला काढता येत नव्हता म्हणून? आणि आपण दोघं त्याचीच पोरं, आपल्या डोक्यात एकदाही आलं नाही की का नाही काढला. डाग दिसला की काढायचा, एवढंच शिकलो.

पुढे ऐक. मी आईचं तेल शोधून आणलं, तेच, माक्याचं. शेजारच्या सीटच्या वर बोटांनी चोळलं. तुझ्या कापडाने ते घेतलं नाही. थेंब थेंब होऊन माझ्याच कपाळावर घरंगळलं. दुकानदाराला माझा नमस्कार सांग, माल अस्सल आहे.

मग मी जुना पन्ना शोधला. धुतलेला, इस्त्री केलेला. बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा केला, उजेडाकडे धरला, जाळी झालेल्या जागी नाक लावलं. बराच वेळ. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोणी धुतलं? शाबास. मागमूस ठेवला नाहीस."

बाबांनी मला शाबास म्हणावं म्हणून मी जन्मभर थांबलो होतो. मिळालं.

आता ते दुपारी आपली गाडी शोधायला जातात. कडीला कुलूप लावलं तर खिडकीशी झगडतात, मनगट सोलून घेतलं. परवा सिग्नलला उभ्या असलेल्या एका बाईच्या गाडीचं दार उघडून आत बसले आणि टपाला हात लावू लागले. ती किंचाळली. लोक जमले. पोलीस भला निघाला, मला म्हणाला, "वडिलांना सांभाळा हो." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? काल ते वाहत्या रस्त्यात होते.

तुझी भावजय आता पाठ टेकत नाही. भिंतीला टेकून उभी असते.

ठोंब्या


४ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

या पत्राआधीची तीन मी फाडली. एकात तुला शिव्या होत्या, एकात मला, तिसऱ्यात दुकानदाराला. कापड मी पाठवलं, धुतलंस तू. वाटणी अगदी समान झाली. नाहीतर आपल्या घरात कधी झाली होती?

मला तो अंबाडा दिसतोय. मी मागच्या सीटवर असायचे, आणि खड्डा आला की आई "आई गं!" करायची आणि बाबा म्हणायचे, "टप उघडू का?" आणि ती म्हणायची, "उघडून तर बघा." दर खड्ड्याला हेच. मी तो डाग पडताना पाहिलाय रे, रोज थोडा थोडा. आणि तरी तुला लिहिलं, घाण आहे.

आता तो शब्द मी परत लिहिते. तलावापलीकडचा निवास. तिथे दाराला दोन कुलपं आहेत आणि रात्रंदिवस माणसं आहेत. बाबा एखाद्या गाडीखाली सापडले तर तुझा शब्द पाळला गेला असं म्हणशील का? शब्द तू दिलास, मोडायला मी सांगतेय. माझ्या नावावर टाक. मी लांब आहे, मला पेलेल.

ताई


६ मे

प्रिय ताई,

ठेवलं.

गाडीने नेलं, भाड्याच्या. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "हिला घ्यायचं राहिलं का?" मी म्हटलं, पुढे बसलीये. ड्रायव्हर पुढे एकटाच होता.

निवास स्वच्छ आहे, तुला आवडेल. सांभाळणाऱ्या बाई भल्या आहेत, पण प्रत्येकाला "आजोबा, छान छान" म्हणतात. मरणाऱ्यालाही तसंच म्हणत असतील. बाबांना कोपऱ्यातली खोली मिळाली. खाट, कपाट, जाळीची खिडकी. एक तक्रार मी नोंदवून आलो: खाटेच्या बरोबर वर छताला ओलीचा मोठा काळपट डाग आहे. वरच्या न्हाणीघरातून गळत होतं, ते बंद केलंय म्हणे, डाग तेवढा राहिला. एवढे पैसे घेतात आणि छत असं! बाई म्हणाल्या, "करू हो, रंगारी मिळाला की." म्हणजे कधीच नाही.

पहिले दिवस वाईट गेले. खात नाहीत. दार वाजवतात. बाईंनी त्यांचे हात बांधायचा विषय काढला, मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, आठवडाभर बघू, नाहीतर झोपेचं औषध सुरू करावं लागेल.

शेड रिकामी आहे. म्हणजे गाडी आहे.

ठोंब्या


१४ मे

प्रिय ताई,

आज तुला फोनच करणार होतो, पण फोनवर मला हे सांगता आलं नसतं, मध्येच आवाज गेला असता आणि तू "हॅलो हॅलो" करत बसली असतीस.

आज गेलो तर खोलीत शांतता. वाटलं, औषध दिलं. बाई दारातच भेटल्या, म्हणाल्या, "काही दिलं नाही हो. तीन दिवस झाले, असेच आहेत. जेवलेसुद्धा." आत बाबा खाटेवर उताणे पडले होते, डोळे टक्क उघडे, छताकडे. मी शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डावा हात वर उचलला, छताच्या दिशेने, तळवा उघडा. पोचत नाही, फार उंच आहे. तरी तसाच धरला थोडा वेळ. मग नाकाशी नेला आणि म्हणाले, "उघडू का टप?"

थांबले. जणू कोणीतरी उत्तर देतंय. आणि हसले, ताई. मी ते हसू आई गेल्यापासून पाहिलेलं नाही.

तो ओलीचा डाग. मी ज्याची तक्रार केली होती, तो.

मी तासभर तिथेच बसलो. निघताना बाईंना सांगायचं होतं, रंगाचं राहू द्या म्हणून, पण त्या कोणाला तरी औषध पाजत होत्या. म्हटलं, इथला कारभार बघता घाई कशाला? रविवारी जाईन तेव्हा लेखी देऊन येतो. घरी आलो आणि तुझ्या भावजयीला म्हटलं, आज जेवायला जरा जास्त कर. ती रडली, मग केलं.

बाबांना घर मिळालं, ताई. छत तेवढं भाड्याचं आहे.

तुझा,
ठोंब्या


१५ मे

प्रिय ठोंब्या,

तुझं सहा तारखेचं पत्र पोचलं. 'ठेवलं' एवढाच शब्द वाचून मी कागद उलटा ठेवला आणि भांडी घासली. मग पुढचं वाचलं.

तुझ्या दुःखाला माझ्याकडे औषध नाही. पण छताला आहे. तुझी तक्रार नेहमीसारखी मऊ होती, "करू हो" ऐकून तू परत आलास. मी आज सकाळी सरळ फोन लावला. म्हटलं, मी स्वच्छता तपासनीस बोलतेय, माझ्या वडिलांच्या डोक्यावर ओलीची बुरशी आहे, आज काढता की मी तुमच्या शहरातल्या माझ्या माणसाला पाठवू? बाई अशा गडबडल्या! "आजोबा तर आता शांत झालेत हो," असं काहीतरी म्हणत होत्या. मी म्हटलं, शांत माणसाला बुरशी चालते का?

दुपारी त्यांचाच फोन आला. रंगारी येऊन गेला. आधी खरवडायला लावलं, मग दोन हात पांढरा. मागमूस नाही म्हणाल्या. बाबांना तेवढा वेळ बाहेर बाकावर बसवलं होतं, आता परत खोलीत नेलंय.

तू रविवारी जाशील तेव्हा वर बघ आणि मला कळव. या खेपेला तरी लांबून एक काम नीट झालं.

तुझी,
ताई